उंबऱ्याशी आलेला साप आणि घरची जनावरे

वैजापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घराकडे साप येतो तेव्हा त्याची पहिली गाठ बहुधा माणसाशी पडत नाही. अंगणात पडलेला कुत्रा, कणगीपाशी उंदरावर टपलेले मांजर, डालग्याखाली पिले घेऊन बसलेली कोंबडी किंवा दावणीला बांधलेली गाय यांतले कोणीतरी त्याला आधी सामोरे जाते. कुत्र्याच्या भुंकण्याने घर जागे होते, कोणी काठी आणि बॅटरी घेऊन बाहेर येते, आणि साप विषारी होता की बिनविषारी हे कळेपर्यंत अनेकदा कुत्र्याला दंश होऊन गेलेला असतो. जनावरांनी केलेल्या या राखणीला फार जुना इतिहास आहे. तो राजवाड्यांच्या बंदोबस्तात, कहाण्यांत, वैद्यकाच्या ग्रंथांत, सरकारी तक्त्यांत आणि अलीकडच्या काळात पशुवैद्यकीय दवाखान्यांत विखुरलेला आहे.

तालुक्याची जमीनच अशा गाठीभेटींना सोयीची आहे. उत्तरेला सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या उतरत्या सोंडा, मुरमाड माळ आणि दगडी बांध; दक्षिणेला गोदावरीकाठची काळी, भेगाळणारी जमीन; मधून वाहणारी शिवना. पाऊस बेताचा. मराठवाड्यात माणसाच्या आणि जनावराच्या जिवावर बेतणारे चारही प्रमुख साप, म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे, अशा प्रदेशात नांदतात. फुरसे कोरड्या माळावर, दगडाखाली आणि निवडुंगाच्या आडोशाला राहते. घोणस बांधावरच्या गवतात, उसात आणि पाचटात पडून असते. नाग वारुळात, उंदरांच्या बिळात आणि गंजीखाली सापडतो. मण्यार दिवसा भिंतीच्या फटीत किंवा विटांच्या ढिगात दडते आणि रात्री घरात फिरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला ही वर्दळ वाढते. बिळांत पाणी शिरते, बेडूक आणि उंदीर अंगणाकडे सरकतात, घोणशीची पिले याच सुमारास जन्मतात आणि नागाची अंडी फुटू लागतात. जनावरेही याच दिवसांत ओल्या चाऱ्यात आणि अंधाऱ्या गोठ्यात जास्त वेळ असतात.

सापापासून घर राखण्यासाठी जनावर पाळण्याची पद्धत प्रथम राजवाड्याच्या संदर्भात लिहिलेली आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणात राजाच्या अंतःपुराच्या बंदोबस्ताचे प्रकरण आहे. तेथे सापांना खाऊन टाकण्यासाठी मोर, मुंगूस आणि ठिपक्यांचे हरीण वाड्यात मोकळे सोडावे असे सांगितले आहे. सापाच्या विषाची शंका आली की पोपट, मैना यांसारखे पक्षी ओरडून इशारा देतात, असेही तेथे म्हटले आहे. हरीण साप खाते हे आज कोणी मान्य करणार नाही, पण मोर आणि मुंगूस यांच्याबद्दलचे निरीक्षण बरोबर आहे. महत्त्वाची गोष्ट ही की या जनावरांकडे दोन निरनिराळी कामे दिलेली दिसतात: काहींनी सापाला मारायचे, काहींनी नुसते ओरडायचे. खेड्यातल्या घरात ही दोन्ही कामे पुढे कुत्रा, मांजर आणि कोंबडी यांच्याकडे आली. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही विषाची चाहूल देणाऱ्या पशुपक्ष्यांची माहिती आहे, आणि त्याच स्थानात सापांचे दर्वीकर, मंडली आणि राजिमंत असे वर्ग केले आहेत. फणा असलेले, अंगावर मंडले असलेले आणि पट्टे असलेले हे वर्ग नाग, घोणस आणि मण्यार यांच्याशी ढोबळपणे जुळतात.

घरच्या जनावराची आणि सापाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रातली आहे. ब्राह्मणाच्या घरात तान्ह्या मुलाबरोबर वाढवलेले मुंगूस पाळण्याकडे येणाऱ्या सापाला मारते. पाणी घेऊन परतलेली आई त्याचे रक्ताळलेले तोंड पाहते आणि त्याने मुलाला खाल्ले असे समजून त्याच्यावर घागर टाकते. हीच कथा सोमदेवाच्या कथासरित्सागरातही येते. तो ग्रंथ ज्या बृहत्कथेवर उभा आहे तिचा कर्ता गुणाढ्य हा परंपरेनुसार प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारातला, आणि प्रतिष्ठान म्हणजे वैजापूरची हद्द सोडून गोदावरी पुढे जिथे जाते ते पैठण. मराठी छापील पुस्तकांच्या अगदी आरंभी, १८१५ साली सेरामपूरला वैजनाथ पंडितांचा मराठी हितोपदेश छापला गेला. हितोपदेशातही मुंगसाची ही कथा आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत आणि आठव्या शतकात अरबीत गेल्यावर कथा पश्चिमेकडे सरकली आणि तिथे मुंगसाच्या जागी कुत्रा आला. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या लियोंच्या परिसरात एका शिकारी कुत्र्याची अशीच कथा सांगितली जात होती. धन्याने गैरसमजातून मारलेल्या त्या कुत्र्याला, गिनफोर्टला, तिथले शेतकरी आजारी मुलांचा संत म्हणून पूजत होते, आणि एतियेन द बूर्बों या धर्मगुरूने ती पूजा बंद पाडण्याचा प्रयत्न केला.

ही कथा अविचाराचे फळ दाखवण्यासाठी सांगितली जाते. इतिहासाच्या दृष्टीने तिच्यातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तान्हे मूल एकटे सोडून पाण्याला जाणे त्या घरात शक्य होते, कारण पाळलेल्या प्राण्यावर तेवढा भरवसा होता. मुंगूस पाळणे भारतात पुढेही दीर्घकाळ चालू राहिले. रुडयार्ड किपलिंगने १८९४ साली प्रसिद्ध केलेल्या 'जंगल बुक'मध्ये बंगल्यात राहणारे मुंगूस नागाशी झुंजते, तो प्रसंग त्याच चालीवर रचलेला आहे. दख्खनच्या बाजारांत गारुडी पेटीत नाग आणि दोरीला मुंगूस घेऊन हिंडत आणि दोघांची झुंज लावत. अशा झुंजीतल्या नागाचे विषाचे दात बहुधा काढलेले असत. त्यामुळे बाजारात झुंज पाहणाऱ्याला मुंगसाच्या खऱ्या ताकदीचा अंदाज येत नसे आणि नागाच्याही नसे.

मुंगसाला विष का बाधत नाही, याचे उत्तर लोकांनी वनस्पतीत शोधले होते. झुंज संपल्यावर मुंगूस रानात जाऊन विशिष्ट मुळी खाते, असा समज सर्वत्र होता आणि मुंगूसवेल हे नाव त्यातूनच आले. खरे कारण त्याच्या शरीरात आहे. इस्राएलमधील वाइझमान संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले की मज्जातंतूंचा संदेश स्नायूत पोचवणाऱ्या ग्राहकाची मुंगसातली रचना थोडी वेगळी असते आणि नागाचे मज्जाविष त्याला चिकटू शकत नाही. मुंगूस त्यामुळे अजिंक्य होत नाही. विष फार गेले किंवा घोणशीसारख्या वेगळ्या विषाशी गाठ पडली तर तेही दगावू शकते. अशा वेळी त्याला आधार असतो तो चपळाईचा आणि दाट केसांचा.

मराठवाड्यातले जुने घर साप आणि जनावर यांना एकाच छपराखाली आणणारे होते. जाड मातीच्या भिंती, लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा थर दिलेले माळवद, दारातून आत आल्यावर ढाळज, तिच्या एका अंगाला बैल आणि गाई, आतल्या भिंतीत धान्याचे बळद किंवा अंगणात जमिनीखालचे पेव. धान्याच्या वासाने उंदीर येत आणि उंदरांच्या मागावर साप. वाड्याबाहेर कडब्याची गंजी, गोवऱ्यांचे हुडवे, पऱ्हाटीचे आणि तुरकाट्यांचे ढीग असत. या प्रत्येक ढिगाखाली सापाला गारवा आणि अन्न दोन्ही मिळे. मांजर पाळण्यामागे हौस कमी आणि बळदाची राखण जास्त होती. कुत्र्याला शिळी भाकरी मिळे आणि त्याने रात्रभर जागे राहावे अशी अपेक्षा असे. कोंबड्यांचे खुराडे चुलीजवळच्या भिंतीला लागून असे. नाग आणि धामण अंडी, पिले यांच्यासाठी त्यात शिरत, आणि कोंबड्यांचा अवेळी झालेला कलकलाट हा सापाचा सर्वांत भरवशाचा इशारा मानला जाई.

चारही सापांत घरातल्या माणसाला रात्री सर्वांत धोका मण्यारीचा. तिच्या दंशाच्या जागी सूज आणि वेदना फारशी नसते, त्यामुळे जमिनीवर झोपलेल्याला पान लागल्याचे पहाटेपर्यंत कळत नाही. मण्यार मुकाट फिरते आणि कुत्र्याला तिचा आवाज मिळत नाही. घोणस मात्र चिडली की प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार टाकते, फुरसे अंगाचे खवले घासून करकर आवाज करते, नाग फणा काढून उभा राहतो. कुत्रा या तिघांना शोधून काढतो, आणि तेच त्याच्या जिवावर येते. तो सापाला हुंगतो, त्याच्यावर झेपावतो, म्हणून त्याला दंश बहुतेक वेळा नाक, ओठ, चेहरा किंवा पुढच्या पायावर होतो. गायीम्हशींचे तसेच आहे. चरताना तोंड खाली असल्याने मुस्कटावर, गवतात बसताना सडांवर किंवा पायांवर साप चावतो. मुस्कट सुजले की श्वासाची वाट अडते. बांधलेल्या जनावराची अवस्था आणखी बिकट, कारण त्याला दाव्यामुळे मागे हटता येत नाही.

गोठा आणि साप यांच्याबद्दल एक समज शेकडो वर्षे टिकून आहे आणि त्याने नुकसान केले आहे. धामण म्हशीच्या मागच्या पायांना विळखा घालून सडाचे दूध पिते, असे अनेक गावांत मानले जाते. काही भागांत ती जनावराच्या नाकपुडीत शेपूट घालून त्याला मारते असेही सांगतात. सापाच्या तोंडाला चोखण्याजोगे ओठ नाहीत, आणि त्याचे मागे वळलेले सुईसारखे दात सडाला लागले तर म्हैस क्षणभरही उभी राहणार नाही. दूध अचानक आटणे किंवा दुधात रक्त येणे ही बहुधा कासदाहाची लक्षणे असतात. पण दोष धामणीवर गेल्याने कासदाहाचा उपचार राहून जाई आणि उंदीर खाणारा बिनविषारी साप हकनाक मारला जाई. धामण कमी झाली की उंदीर वाढतात, आणि उंदरांमागे नाग येतो.

या सगळ्या भीतीबरोबर सापाबद्दलचा आदरही नांदत होता. श्रावण शुद्ध पंचमीला वैजापूर परिसरातल्या घरांत पाटावर किंवा भिंतीवर नाग काढतात, बाया वारुळाला जाऊन लाह्या आणि दूध वाहतात. त्या दिवशी नांगर धरू नये, जमीन खणू नये, काही चिरू नये, तव्यावर भाजू नये असा नेम आहे. नांगराच्या फाळाखाली नागिणीची पिले मेल्याने तिने शेतकऱ्याच्या कुटुंबाचा सूड घेतला आणि सासरी गेलेल्या मुलीच्या भक्तीने ती शांत झाली, ही कहाणी या नेमामागे आहे. नेमाचा एक परिणाम असा की ऐन पावसाळ्यात, सापांच्या वर्दळीच्या दिवसांत बैलांना एक दिवस बांधावर उतरावे लागत नसे. त्यानंतर काही आठवड्यांनी, श्रावण अमावास्येला पोळा येतो. एकाच महिन्यात नागाची आणि बैलाची पूजा करणाऱ्या शेतकऱ्याला दोघांचे एकमेकांशी असलेले वैर चांगलेच ठाऊक होते.

दंश झाल्यावरचे उपाय मात्र आदराच्या पलीकडचे, हताशपणातून आलेले होते. माणसाला मारुतीच्या देवळात नेऊन निजवायचे आणि लिंबाचा पाला चावायला द्यायचा; तो कडू लागला नाही तर विष चढले असे समजायचे. मांत्रिकाने पाणी मंत्रून द्यायचे. वैदूने जडीबुटी लावायची. जनावराच्या बाबतीत दंशाची जागा डागणे, चिरून रक्त काढणे, दोरी आवळून बांधणे हे प्रकार चालत. महाराष्ट्राच्या अनेक भागांत कोंबड्यांचा उपायही होता. माणसाच्या जखमेवर एकामागून एक जिवंत कोंबडीचा गुदभाग दाबून धरायचा. कोंबडी मेली की तिने विष ओढले, आणि एखादी जगली की विष संपले, असा हिशेब असे. कोंबड्या बहुधा गुदमरून, मानेवरच्या दाबाने आणि भीतीने मरत. विष एकदा रक्तात मिसळल्यावर ते अशा रीतीने बाहेर काढता येत नाही. साप पुष्कळदा दंश करूनही विष सोडत नाही, आणि बिनविषारी सापांचे दंश संख्येने जास्त असतात, म्हणून प्रत्येक गावात यशाची उदाहरणे सांगता येत आणि उपाय टिकून राहत. या समजुतीची किंमत घरच्याच कोंबड्यांनी मोजली.

युरोपीय वैद्यकाने भारतात सापाच्या विषाचा अभ्यास सुरू केला तेव्हाही पहिला भार पाळीव जनावरांवरच पडला. ईस्ट इंडिया कंपनीचा निसर्गअभ्यासक पॅट्रिक रसेल याने कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध केला. कोणता साप किती घातक हे ठरवण्यासाठी त्याने कुत्रे आणि कोंबड्या यांना दंश करवून निरीक्षणे नोंदवली. घोणशीचे इंग्रजी नाव त्याच्यावरूनच पडले. जोसेफ फेरर याने कलकत्त्यात असे प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले आणि १८७२ साली भारतातील विषारी सापांवर सचित्र ग्रंथ काढला. त्यानेच ठिकठिकाणच्या प्रांतांतून १८६९ या वर्षातील सर्पदंशाने झालेल्या मृत्यूंची माहिती मागवली, तो आकडा ११,४१६ भरला.

त्यानंतर ब्रिटिश सरकारने दरवर्षी तक्ते काढायला सुरुवात केली. त्यांत हिंस्र पशू आणि सापांनी मारलेली माणसे, मारलेली गुरे, ठार केलेले साप आणि दिलेली बक्षिसे असे रकाने असत. साप मारून आणणाऱ्याला पैसे देण्याची पद्धत मुंबई इलाख्यातही होती. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर दिलेल्या बक्षिसांमुळे थोड्या दिवसांत प्रचंड संख्येने साप मारून आणले गेले. गुरांचा रकाना या तक्त्यांतली महत्त्वाची गोष्ट आहे, कारण सापामुळे शेतकऱ्याचे होणारे नुकसान तेथे पहिल्यांदा सरकारदरबारी मोजले गेले. पण कुत्रा, मांजर, कोंबडी यांना तेथे स्थान मिळाले नाही. शिवाय हा हिशेब ब्रिटिश मुलखाचा होता. येवला, नांदगाव आणि कोपरगाव हे वैजापूरचे शेजारी तालुके त्या हद्दीत येत. वैजापूर, जे जुन्या कागदपत्रांत बैजापूर असेही येते, ते निजामाच्या राज्यात होते आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिले. बांधाच्या एका बाजूला मेलेला बैल ब्रिटिश सरकारच्या तक्त्यात जाण्याची शक्यता तरी असे, दुसऱ्या बाजूचा जात नसे.

खऱ्या उपचाराचा मार्ग शेवटी एका पाळीव जनावराच्या रक्तातूनच निघाला. फ्रेंच वैद्य आल्बेर काल्मेत याने सायगाव आणि नंतर लील येथे काम करताना १८९४-९५ च्या सुमारास नागाच्या विषावरचे पहिले प्रतिविष तयार केले. विषाच्या अगदी लहान, वाढत्या मात्रा घोड्याला देत गेल्यास त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी प्रतिद्रव्ये तयार होतात; तो रक्तद्रव काढून शुद्ध केला की प्रतिविष मिळते. भारतात कसौलीच्या संस्थेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतले. मुंबईत परळला १८९९ पासून चालत आलेल्या आणि १९२५ साली हाफकिन संस्था हे नाव मिळालेल्या प्रयोगशाळेने नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे एकत्रित प्रतिविष बनवले. महाराष्ट्राच्या ग्रामीण दवाखान्यांत प्रतिविष पोचण्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे, आणि तिच्या पिंपरीच्या तबेल्यांतल्या घोड्यांचाही. आजही एक मिलिलिटर भारतीय प्रतिविषाने नागाचे ०.६, मण्यारीचे ०.४५, घोणशीचे ०.६ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी व्हावे असे प्रमाण ठरलेले आहे.

जनावरांपर्यंत हे औषध पोचायला मात्र फार काळ गेला. पशुवैद्यकाचे शिक्षण मुंबईत १८८६ साली सुरू झाले होते. परंतु त्या काळातल्या पशुवैद्यकाची सारी शक्ती बुळकांडी, फऱ्या, घटसर्प अशा साथींवर खर्च होई, कारण एक साथ गावची दावण रिकामी करत असे. सर्पदंश हे एकट्यादुकट्या जनावराचे संकट राहिले. वैजापूर १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर तालुक्याच्या मोठ्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाने उभे राहत गेले. श्रेणी एकच्या दवाखान्यात पदवीधर पशुधन विकास अधिकारी, श्रेणी दोनमध्ये पशुधन पर्यवेक्षक. मराठवाड्यात परभणीला १९७२ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि या भागातले डॉक्टर या भागातच तयार होऊ लागले. अलीकडे १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरते पशुचिकित्सा पथक बोलावण्याची सोयही झाली आहे.

जनावराचा उपचार माणसासारखाच आहे, पण अडचणी वेगळ्या आहेत. औषध माणसाच्या वापराचेच, मात्रा अनुभवाने ठरवायची. विष रक्ताचे आहे का हे पाहण्यासाठी रक्त कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांचा संशय बळावतो. हिरड्यांतून रक्त, लाल लघवी आणि झपाट्याने वाढणारी सूज हीही त्याच दंशाची चिन्हे. नाग चावलेल्या कुत्र्याच्या तोंडातून लाळ गळते, पापण्या जड होतात, मागचे पाय लुळे पडतात. त्याला प्रतिविषाबरोबर अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देऊन सावरता येते. मण्यारीच्या विषावर निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही, आणि श्वास बंद पडलेल्या बैलाला कृत्रिम श्वास देणारे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात नसते. एका बाटलीला काहीशे रुपये पडतात आणि एकाहून जास्त बाटल्या लागू शकतात. दुभत्या म्हशीसाठी शेतकरी हा खर्च सोसतो. गावठी कुत्र्यासाठी तो क्वचितच होतो, आणि सापाला सर्वांत आधी भिडणारा तोच असतो.

मांजर या सगळ्यात नशीबवान आहे, अशी समजूत खेड्यात आहे आणि तिला अलीकडे थोडा आधार मिळाला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या तपकिरी सापाने चावलेल्या, प्रतिविष न मिळालेल्या मांजरांपैकी ६६ टक्के जगली होती, कुत्र्यांपैकी फक्त ३१ टक्के. रक्त गोठवणाऱ्या विषांचा कुत्र्याच्या रक्तावर मांजराच्या मानाने फार लवकर परिणाम होतो असे त्यांना दिसले. मांजर सापाला पंजाने डिवचते, कुत्रा तोंड घालतो, हाही फरक आहेच. पण हा निष्कर्ष रक्तावर परिणाम करणाऱ्या विषापुरता आहे. नाग किंवा मण्यार चावलेल्या मांजराला त्याच्या भरवशावर सोडून देणे चुकीचे ठरेल.

गेल्या अर्धशतकात वैजापूरचे घर जागचे हलले आहे. विहिरी, विजेचे पंप आणि पुढे नांदूर मधमेश्वर कालव्याचे पाणी आले तसे कुटुंब गावठाण सोडून शेतवस्तीवर राहायला गेले. गावातल्या वाड्यात एका गल्लीत दहा घरांचे दिवे आणि दहा घरांची कुत्री असत. वस्तीवर एक घर, एक गोठा, चहूकडे मका, कपाशी किंवा ऊस. कांद्याचे पीक वाढले आणि प्रत्येक वस्तीशेजारी कांदाचाळ उभी राहिली. हवा खेळावी म्हणून चाळीचा तळ जमिनीपासून उचललेला असतो, आणि ती सावलीची मोकळी जागा उंदरांच्या आणि सापांच्या पथ्यावर पडते. रात्री पिकाला पाणी द्यायला माणूस निघाला की कुत्रा पुढे धावतो. पत्र्याचे छप्पर आणि सिमेंटची भिंत यांनी घरात शिरणारे साप कमी झाले असतील, पण अंगण शेतात मिसळल्याने जनावरांची त्यांच्याशी गाठ वाढली आहे.

सापाकडे पाहण्याची दृष्टीही याच काळात पालटली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळ करणे आणि मुंगूस पाळणे दोन्ही बेकायदा ठरले. गारुड्याचा धंदा संपत गेला. हाफकिनचे डॉ. पी. जे. देवरस यांनी सापांवर सामान्य वाचकासाठी पुस्तक लिहिले. १९८० साली ७२ सापांबरोबर ७२ तास राहून नीलिमकुमार खैरे यांनी लोकांचे लक्ष वेधले आणि १९८६ साली पुण्यात कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. त्या प्रभावातून गावोगाव सर्पमित्र तयार झाले. आता गोठ्यात नाग निघाला की काठी शोधण्याआधी सर्पमित्राला फोन करणारी घरे वैजापूर परिसरातही आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप चावलेल्या व्यक्तीला दवाखान्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले. त्यातली तरतूद माणसांसाठी आहे. डागलेल्या बैलाला किंवा जखमेवर धरलेल्या कोंबडीला ती लागू होत नाही.

मोजणीच्या बाबतीतही हेच अंतर राहिले आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मेली असा अंदाज संशोधकांनी मांडला. जनावरांसाठी एवढ्या मोठ्या प्रमाणावर अशी मोजणी झालेली नाही. विमा उतरवलेली म्हैस मेली तर शवविच्छेदन होऊन दाखला मिळतो; बाकीची जनावरे बांधावरच्या खड्ड्यात पुरली जातात. नेपाळच्या तराईत अलीकडे माणसे आणि पाळीव जनावरे यांच्या दंशांची घरोघर जाऊन एकत्र पाहणी करण्यात आली. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये जाहीर केलेल्या राष्ट्रीय सर्पदंश कृती आराखड्यात, २०३० पर्यंत माणसांचे मृत्यू निम्म्यावर आणण्याच्या उद्दिष्टाबरोबर, पशुआरोग्य हाही एक भाग धरला आहे. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना सर्पदंश हा नोंद करणे बंधनकारक असलेला आजार ठरवावा असे कळवले. त्या नोंदीत रकाना फक्त माणसाचा आहे.